अत्यंत शांत जागा

तात्यांचा तळमजला वर्षभर रिकामा होता. शेवटी रंग काढला, गळके नळ बदलले आणि जाहिरातीत ठोकून दिलं, 'अत्यंत शांत जागा'. बघायला बाई येणार म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या ट्रंपेटवाल्याचे पाय धरले, "बाबा रे, तासभर फुंकू नकोस!"

बाईंनी घर पाहिलं आणि हळहळल्या. "जागा झकास आहे हो काका, पण मी ड्रम वाजवते. इतक्या शांततेत लोक मला आठवड्यात हाकलतील."

त्या दारापर्यंत गेल्या तशी तात्यांनी जिन्यातून बोंब ठोकली, "फुंक रे, जीव खाऊन फुंक!"

बाईंनी उभ्याउभ्या जागा घेतली. मधल्या मजल्यावर तात्या आणि काकू राहतात. तीस वर्षं रोज कडाकडा भांडणारं जोडपं, पण एकमेकांचं ऐकूच येत नसल्यामुळे आता संसार कसा दृष्ट लागण्यासारखा चाललाय!