खाणीवरचं धुकं

हॉटेलच्या मागे दगडखाण होती. ती जाहिरातीच्या फोटोत दिसायला नको, म्हणून मालकाला तिथे धुकं हवं होतं. मी कॉम्प्युटरवर सहा वेळा टाकलं, सहाही वेळा फोटो परत आला. "अहो, हे धुकं आहे की पिंजलेला कापूस?" डोकं पिकवलं त्याने माझं. सातव्यांदा खाण अशी गडप केली, की मलाही सापडेना.

आठवड्याभराने बायकोने मोबाइल नाकासमोर धरला. "तीन वर्षं नुसतं 'जाऊ, जाऊ' चाललंय तुझं. शेवटी मीच बुकिंग करून टाकलं. बघ, काय जागा आहे!"

फोटोतलं धुकं माझंच होतं. मी कपाळाला हात लावला.



"आता कुरकुर नकोय. मॅनेजरशी भांडून मागच्या बाजूची खोली मिळवलीये, धुक्याकडची!"