हात न लावण्याची अट

"मोनाली, झारा कुठंय?"

अंगणात तीन दगडांच्या चुलीपुढे बसून ज्ञानेशनं विचारलेला हा सातवा प्रश्न. ओट्यावर बसलेल्या मोनालीनं दात आवळले. झारा त्याच्याच गुडघ्याशी पडला होता.

अट सासूबाईंची, मुक्ताबाईंची. सणसवाडीची कंपनी ज्ञानेशला दोन वर्षं मेक्सिकोला पाठवत होती. मोनाली यवतच्या सरकारी दवाखान्यात नर्स. चार वर्षं कंत्राटावर राबून ती आत्ता जूनमध्ये कुठे कायम झाली होती. "माजं पोरगं तिकडं उपाशी मरंल. तू राजीनामा दे आन् संगं जा," असं सासूबाईंचं फर्मान. खूप वादावादी होऊन शेवटी ठरलं, की रविवारी ज्ञानेशनं सगळ्यांपुढं एक जेवण एकट्यानं करून दाखवायचं. जमलं तर मोनालीनं इथंच राहायचं. तिनं मात्र कशालाही हात लावायचा नाही.

आणि या शहाण्यानं निवडलं काय, तर तिकडचे, मक्याच्या भाकरीत भरून खायचे डुकराच्या मटणाचे टाको! खिचडी टाकली असती तर काय बिघडलं असतं? मटण दौंडहून आणलं. ते घरात येणार नाही आणि मटणाची वेगळी भांडीसुद्धा मिळणार नाहीत, असं मुक्ताबाईंनी बजावल्यावर नवी कढई आणि नवा तवा आणला. गाईंसाठी ठेवलेली किलोभर मका चुन्यात उकडून वाटली. चुना सासऱ्यांच्या, आप्पांच्या तंबाखूच्या डबीतला. डबी रिकामी झाल्यामुळे आप्पा सकाळपासून धुमसत होते.

मटण मात्र जमलं. लाल मिरची, लसूण आणि अननस लावलेले तुकडे कढईत असे काही चरचरले, की नाकाला पदर लावून बसलेल्या मुक्ताबाईंनीही दोनदा पदर सरकवला. मोनालीला वाटलं, सुटले!

मग आल्या मक्याच्या भाकऱ्या. तळहाताएवढ्या. पहिली तव्यावर टाकतानाच फाटली. दुसरी हातालाच चिकटली. तिसरी त्यानं झाऱ्यानं खरवडून काढली. पिठात पाणी जास्त झालंय, एवढं कळायला काय शाळेत जावं लागतं? मोनालीचे हात शिवशिवत होते. ती हातांवर बसून राहिली.

चिकटतंय म्हणून ज्ञानेशनं पिठात आणखी तांब्याभर पाणी ओतायला घेतलं.

"अवो, पाणी काय वतताय! सरका तिकडं!"

ती केव्हा उठली, तिचं तिलाच कळलं नाही. घरातलं मूठभर कोरडं पीठ आणून घातलं, दणादण मळलं, थापलं. पहिलीच भाकरी टम्म फुगली. रागाच्या भरात तिनं ओळीनं आठ भाजून काढल्या.

आप्पांनी मटण भरून, वर लिंबू पिळून घास घेतला. "झ्याक!"

"तरी मी म्हनतोय," ज्ञानेश भरल्या तोंडानं म्हणाला, "मगाशी त्या पिठालाच काय तरी झालं व्हतं."

मुक्ताबाईंनी नाकावरचा पदर खाली घेतला. मनगटापर्यंत पीठ माखलेले सुनेचे हात त्या बघत राहिल्या आणि अगदी मायेनं म्हणाल्या,

"पोरी, राजीनाम्याला साधा कागद चालतो का गं?"