खलनायकाचा मफलर

मालिकेत तो गुंडांच्या टोळीतला चौथा गुंड होता. पुढच्या आठवड्यात त्याचं मरणही ठरलं होतं. सेटवर एसीचा गारठा, म्हणून आईने विणलेला लाल मफलर तो काळ्या कोटावरही गुंडाळायचा.

एका प्रेक्षक बाईंनी त्या मफलरबद्दल वाहिनीला पानभर पत्र लिहिलं : हा मुळात दुष्ट नाही. लहानपणीच आई गेली, तिची ही शेवटची आठवण तो जपतोय.

त्याने ते भीतभीत आईला वाचून दाखवलं.

"अरे गाढवा, मी कधी गेले?" आईच्या विणायच्या सुया थांबल्या.

"अगं, पण मालिकेच्या लेखकाला ते पटलं! आता मला मारत नाहीत. वर्षभर काम आहे."

सुया पुन्हा चालू झाल्या.

"मग मी गेलेलीच बरी. हा दुसरा मफलरही विणून झाला की घेऊन जा. शेवटची आठवण झाली, तरी धुवायला नको का?"