तोच पत्ता

बाईंचा पुढचा दात अर्धा तुटला होता. “बाथरूममध्ये घसरले,” एवढंच त्या म्हणाल्या. दाताच्या डॉक्टरांनी खोदून विचारलं नाही, पण दात नीट करून झाल्यावर त्यांना शेजारच्या खोलीत समुपदेशक ताईंकडे पाठवलं. आता दवाखान्यात दोन्ही खोल्यांच्या नोंदी एकाच कॉम्प्युटरवर होत्या.

ताईंनी पत्ता टाकला, तर त्याच घरातली सहा वर्षांपूर्वीची एक नोंद वर आली. बाई वेगळी होती, पण दात तोच होता आणि खाली लिहिलं होतं, ‘बाथरूममध्ये घसरल्या.’

“या कोण हो तुमच्या?” ताईंनी विचारलं.

बाईंनी आधी बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. मग आवाज अगदी खाली आणून त्या म्हणाल्या,

“ह्यांची पहिली बायको. नंतर जिन्यावरून पडून वारली.”