मिठागरावरचं दृश्य

"मो साहेब नाहीच म्हणताहेत," गुक पिल-हो खुर्ची ओढत म्हणाला. "तो तुकडा परत जोडायचा नाही म्हणे. आहे तसाच राहू दे चित्रपट."

जोंग-इमने बार्लीच्या चहाचा पेला खाली ठेवला. सोलच्या चित्रपट संग्रहालयाबाहेर तिकिटांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती, आणि रांगेत बहुतेक विशीतली पोरं. दिग्दर्शक मो ते-ग्यूच्या चित्रपटाला पोरं अशी गर्दी करतील, असं पूर्वी कुणी म्हटलं असतं, तर हाच गुक पोट धरून हसला असता.

साहेबांना सगळ्यात जास्त शिव्या त्यानेच घातल्या होत्या. समीक्षक म्हणून तो नावारूपाला आला तोच त्यांच्यावर टीका करून. आधी त्याने त्यांना बाजारू ठरवलं, मग विकृत, मग लष्करी सरकारचा मिंधा. पुढे परदेशात त्यांना बक्षीस मिळालं, तेव्हा गोऱ्यांना काय कळतंय, असंही लिहून झालं. साहेबांच्या बाजूने भांडायला एकटी जोंग-इम. एकदा तर ती थेट गुकच्या कचेरीत जाऊन उभी राहिली होती.

"त्यांचं खरं काम तुम्ही पाहिलंच नाहीत," ती म्हणाली होती. "ते कात्रीखाली गेलं."

मग तिने त्याला ते दृश्य सांगितलं. घरी जाऊन त्याने साहेबांचे सगळे चित्रपट पुन्हा पाहिले, आणि आपलं मत चुकलं होतं असं छापून मोकळा झाला. त्या कापलेल्या दृश्याभोवतीच मो ते-ग्यूचं सगळं काम फिरतं, असं त्याचं आता म्हणणं होतं. त्यावर त्याचं पुस्तक आलं, पुस्तकामुळे हा महोत्सव. आणि महोत्सवाच्या तयारीत संग्रहालयाच्या तळघरात भलत्याच चित्रपटाच्या डब्यात तो तुकडा सापडला. आता फक्त साहेबांचा होकार हवा होता.

"ताई, तुम्हीच बोला त्यांच्याशी," गुक म्हणाला. "माझं ऐकतील असं मी काही ठेवलेलं नाही."

'मिठागराची सून' हा तिचा पहिलाच चित्रपट. ती होती नायिकेची धाकटी जाऊ. ऐन हिवाळ्यात, एका सकाळी साहेबांनी तिला बाजूला घेतलं. संहितेत नसलेलं दृश्य त्यांनी तिला तोंडी सांगितलं. "या एका दृश्यासाठी मी हा चित्रपट काढतोय, पोरी," असं म्हणाले. तिने मिठागराच्या बांधावर एकेक कपडा उतरवला आणि रडत त्या गारठलेल्या पाण्यात शिरली. एरवी साधं दार उघडायचं दृश्यही पुन्हा पुन्हा घेणारे साहेब त्या दिवशी पहिल्याच खेपेला 'झालं' म्हणाले. ही शाबासकी तिने जन्मभर जपली.

सेन्सॉरने ते दृश्य कापलं, पण बोभाटा कापता आला नाही. ठरलेलं लग्न मोडलं. जोंजूला शाळामास्तर असलेल्या बापाने दार लावलं, ते मरेपर्यंत उघडलं नाही. तिने खानावळ टाकली आणि नूडल्स उकळण्यात आयुष्य काढलं. सगळ्यांनी पाठ फिरवली होती. साहेब मात्र दर नव्या वर्षाला न चुकता फळांची पेटी धाडत.

लोकांनी एकदा पाहिलं की कळेल, ती नंगानाच करायला गेली नव्हती, एवढाच तिचा हट्ट होता. बाप तर गेला. पण धाकटा भाऊ जोंग-सिक आज जोंजूहून आला होता. "आधी पाहतो, मग बोलू," इतकंच तो फोनवर म्हणाला होता.

मंचामागच्या खोलीत साहेब संत्रं सोलत बसले होते. तिला पाहताच त्यांनी अर्धं पुढे केलं.

"कशाला उकरतेस जुनं?" ते म्हणाले.

"माझी अब्रू जाईल म्हणून नाही म्हणताय ना, साहेब? या वयात कसली अब्रू?"

साहेबांनी एक फोड तोंडात टाकली. "तसं समज."

तिला भरून आलं. "माझा भाऊ बसलाय बाहेर. त्याला पाहू दे."

"फार भोळी आहेस तू," साहेब म्हणाले आणि काठी शोधू लागले.

चित्रपट संपला. संपावर गेलेले मजूर मालकाच्या दारात मीठ ओततात, तिथे पोरांनी टाळ्या पिटल्या. दिवे लागले आणि गुक साहेबांना मंचावर घेऊन आला. न दिसलेल्या त्या दृश्याबद्दल तो इतकं मनापासून बोलला, की शेजारी बसलेल्या जोंग-सिकने बहिणीचा हात हातात घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"मग साहेब," गुकने विचारलं, "ज्यात तुमचं सगळं काम आहे, तेच लोकांना का दाखवायचं नाही?"

"गुक, तुम्ही मला शिव्या घालायचात तेव्हा बरं लिहायचात," साहेब म्हणाले. सभागृह हसलं. "अहो, कात्रीवाल्याला कापायला काही मिळालं नाही, तर तो वरच्यांना काय तोंड दाखवणार? मला संपाचं दृश्य वाचवायचं होतं. म्हणून त्याच्यापुढे टाकायला एक नागडी पोरगी घेतली. त्याने ती कापली, संप राहिला. चित्रपटात ठेवायला ते दृश्य मी कधी घेतलंच नव्हतं." पोरं उभी राहून टाळ्या वाजवू लागली. साहेबांनी पहिल्या रांगेकडे कौतुकाने काठी रोखली. "ती बघा, तिथे बसलीय. तिला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं, तर इतकं खरं रडली असती का ती?"