एक कोरडं पाऊल

पहिला थेंब नेमका म्हातारीच्या टाचेच्या ठशात पडला.

लहबीब वाकून माग पाहत चालला होता, त्याच्या डोळ्यांदेखत पडला. वाळूत बोराएवढा खळगा झाला. त्याने मान वर केली, तर दुसरा थेंब कपाळावर.

"दादा," तो म्हणाला, "पाऊस."

सालेक थोडा पुढे होता. त्याने वळूनही पाहिलं नाही. "कळतंय मला. पाय उचल."

काल पहाटेपासून दोघे भाऊ आईच्या पावलांवरून चालत होते. गाडी त्यांनी मुद्दाम मागे ठेवली होती. चाकांखाली माग मोडतो, आणि तिरिसच्या त्या उजाड माळावर मागाशिवाय माणसाचा दुसरा पत्ता नसतो. म्हातारी उम्मलखैर परवा रात्री तंबूतून निघून गेली होती, अनवाणी आणि पाण्याशिवाय. कालची अख्खी दुपार खडकाळ पट्ट्यात तिचा हरवलेला माग शोधण्यात गेली. आज तो पुन्हा सापडला होता. पावलं अजून सरळ होती, फक्त आखूड पडायला लागली होती.

आणि आता हा पाऊस. वर्षानुवर्षं सगळ्या मुलखाने ज्याच्यासाठी हात पसरले, ज्याने एका ढगाचीही मेहरबानी केली नाही, त्याला आजचाच मुहूर्त सापडला. बरं, आला तो चार थेंब टाकून गेलाही नाही. धो धो कोसळायला लागला.

सालेक पुढे धावला. पुढचं पाऊल सापडेल, त्याच्या पुढचं सापडेल, म्हणून वाकून धावत राहिला. मग थांबला. चहूकडे वाळू सारखी झाली होती, कुणी कधी चाललंच नसावं तशी. तो परत आला तेव्हा लहबीब अंगातला सैल झगा काढून, दोन्ही हातांनी ताणून, एका ठशावर ओणवा झाला होता.

"हे काय चाललंय?"

"एक तरी राहू दे."

"राहून काय करायचंय? ती इकडून गेली, एवढंच सांगणार ते. तेवढं आपल्याला माहीत आहे."

"कधीचं आहे ते तरी बघ ना."

सालेक गुडघ्यावर बसला. झग्याखाली हात घालून त्याने ठशाच्या कडेवर बोट टेकवलं. कडा वाऱ्याने खाल्ली होती. "काल संध्याकाळचं," तो म्हणाला. मग आभाळाकडे पाहून म्हणाला, "मेल्या, कालच यायचं होतंस."

"पण आता तिला पाणी मिळेल, दादा. जागोजागी साचेल. ती पिईल. पाणी कसं शोधायचं ते तिनेच तर शिकवलं आपल्याला."

"आजचं दुपारचं ऊन पाहिलंस ना? आपली पखाल निम्मी झाली त्यात. आणि आपण तरणेताठे."

लहबीबच्या पाठीवरून पाणी वाहत होतं. ओठांवर आलेलं त्याने नकळत चाटलं. ते गोड लागलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"मी गंमत केली रे," तो म्हणाला. "परवा लांब कुठे वीज चमकली, तर तंबू मोडा, ढगामागे निघा, म्हणून मागे लागली होती. मी म्हटलं, तू हो पुढे, आम्ही सामान घेऊन येतो."

"ऐकलं होतं मी. मी काय रडत होतो? मीही हसलोच."

सालेक जरा बाजूला गेला. उताणी ओंजळ धरून त्याने पाणी साठू दिलं आणि हात धुतले, तोंड धुतलं, कोपरापर्यंत हात, मग पाय. एरवी या वाटांवर नमाजेआधी पाणी कुठलं, वाळूच हातावर चोळून भागवायचं. आज त्याने सगळं सावकाश केलं.

"आत्ताच?" लहबीब म्हणाला. "असरच्या नमाजेला वेळ आहे अजून."

"असरची नाही."

"मग कसली?"

सालेकने चपला काढल्या, फेट्याचं टोक नीट खोचलं आणि ठशाच्या मागे येऊन पूर्वेकडे, मक्केच्या दिशेला, तोंड करून उभा राहिला. आता लहबीबला कळलं.

"नाही," तो ओरडला. "शोधायचं सोडून देणार तू?"

"सोडतंय कोण? हे झालं की उठायचं आणि चालायला लागायचं. पण आता तिला घरी न्यायला नाही. मातीत ठेवायला."

"अशी होत नाही ती!" लहबीबचा आवाज चिरकला. "जनाज्याच्या नमाजेला समोर मयत लागतं. लहान पोरालाही माहीत आहे. मयत कुठाय? सांग ना, कुठाय मयत?"

सालेकने खाली पाहिलं. झगा आता गळायला लागला होता. त्याखाली टाच आणि पाच बोटं अजून ओळखू येत होती.

"सरक जरा," तो म्हणाला.