मीटरचा काटा
गोखिवऱ्यात गॅरेज चालवणाऱ्या गंगारामकडे त्या दुपारी सिद्धेश मोटारसायकल ढकलत आला. "काका, गेल्या आठवड्यात मीटर लावून चार्जिंग बरोबर आहे म्हणालात, म्हणून मी नुसती बॅटरी बदलली. काल हायवेवर तीही उतरली. दिवा गेला, मागे बायको आणि मुलगी, बाजूनं ट्रक." गंगारामनं गॅरेजमधली भरलेली बॅटरी जोडली, तिला मीटरच्या वायरी लावल्या आणि सिद्धेशला इंजिन चालू करून रेस द्यायला सांगितलं. चार्जिंग होत असेल तर काटा बारा व्होल्टवरून चौदाकडे सरकायला हवा होता. पण गंगारामला तबकडीवर नुसतं धुकं दिसत होतं. वर्षभर मोतीबिंदू वाढत होता आणि गिऱ्हाईक तुटेल म्हणून त्यानं तो लपवला होता. "किती दाखवतोय?" सिद्धेशनं विचारलं. "काटा दिसत नाही रे मला," गंगाराम म्हणाला. "त्या दिवशीही दिसला नव्हता. तू वाच." सिद्धेश मीटरवर वाकला. "बारा. हलत नाही." गंगारामनं सीट काढून वायरी एकेक चाचपल्या. चार्जिंगच्या वायरीचा जोड खाडीकडच्या खाऱ्या हवेनं गंजून सुटत आलेला त्याच्या बोटांना लागला. त्यानं तो घासून घट्ट बसवला. सिद्धेशनं पुन्हा रेस दिली. "आता चौदा," तो म्हणाला. पण त्याच्या आवाजातला राग गेला नव्हता. "उद्या तुम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतो. तोवर कुणाच्या गाडीला हात लावू नका." गंगारामनं मान हलवली आणि भरदुपारी गॅरेजचं शटर खाली ओढलं.